सैल बसलेली गोळी

आबांनी काडतूस डाव्या हाताच्या चिमटीत धरलं, उजव्या हाताच्या बोटांनी टोकाची गोळी वळवली, आणि ती गरकन फिरली.

"फिरली," आबा म्हणाले.

"दुसरं बघा," मी म्हणाले.

दुसरं फिरलं. तिसरं फिरलं. चौथ्याची गोळी फिरता फिरता वर आली आणि आबांच्या हातातच राहिली, दारू पाटावर सांडली. आबांनी ती बोटाने गोळा केली. आदल्या दिवशी याच पेटीतल्या एका काडतुसाने हुलवळे मास्तरांचा उजवा डोळा गेला होता.

मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि रविवारी क्लबात रायफल चालवायचे. मी त्यांच्या शेजारच्याच चटईवर नेम धरून पडले होते. त्यांनी चाप ओढला तेव्हा आवाज वेगळाच आला, बोळकं फुटल्यासारखा. काडतुसाची पितळी पुंगळी बुडाशी फाटली होती, आणि धूर पुढे जायचा तो मागे आला होता, मास्तरांच्या तोंडावर. मास्तर ओरडले नाहीत. "अहो, हे काय झालं?" एवढंच म्हणाले. करपलेल्या केसांचा आणि कातडीचा तो वास सोमवारी सकाळीही माझ्या लुगड्याला येत होता. लुगडं दोनदा धुतलं तरी येत होता.

काही जणांचे कान तिखट असतात, तसं माझं नाक आहे. मला किळस लवकर येते. नासलेलं दूध मी दारातूनच ओळखते, आणि माणसंही पुष्कळदा वासावरून. हे मी कौतुकाने सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते आहे.

आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार ज्योतीराम खराडे. फौजेत आर्मरर होते, हत्यारं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर वाघझरीच्या रायफल क्लबाने त्यांना ठेवून घेतलं. नवी काडतुसं तेव्हा मिळायची नाहीत, मिळाली तर परवडायची नाहीत. क्लबाला काडतुसं भरण्याचा परवाना होता. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. हे सगळं आमच्या माजघरात व्हायचं. गोळीला तिथे स्क्रू नाही की डिंक नाही. पुंगळीचा पितळी गळा तिला आवळून धरतो, मनगटाला घट्ट बांगडी बसते तसा. म्हणून गोळी बोटाने फिरता कामा नये.

"माले, दुपारी क्लबाची कमिटी हाय," आबा म्हणाले.

"ठाऊक आहे."

"सेक्रेटरी वकील म्हनत्यात, सुभेदाराचे डोळे गेले. हात थरथरतोय. संध्याकाळी घेतोय म्हनून बी कुणीतरी सांगितलंय."

"तुम्ही घेता?"

"तुला ठाऊक न्हाई व्हय?"

मला ठाऊक होतं. आबांनी दारू भरली ती फक्त काडतुसात. पण कमिटीने एकदा लिहून दिलं की खराड्याच्या हाताने माणूस आंधळा झाला, की आबांना कुठल्या गल्लीत तोंड दाखवता आलं असतं? पैशाचं काही नव्हतं, पेन्शन होतं. प्रश्न होता तो त्या दोन हातांचा. त्यांच्यावरच तर ते उभे होते.

"मग शोधू," मी म्हणाले. "का फिरते ते शोधू."

आबांनी चष्मा पुसला आणि आम्ही बसलो. आधी साचा बघितला. साचा झिजला तर गळा पुरता दाबला जात नाही. साचा ठणठणीत निघाला. मग गळ्याच्या आतून फिरवायची दांडी मोजली, ती जाड असेल तर गळा जास्त उघडतो. दांडी बरोबर होती. मग गोळ्या. नव्या खोक्यातल्या गोळ्या बारीक आल्या असतील म्हणून मी मायक्रोमीटर लावून एकेक मोजत गेले. सगळ्या मापात होत्या. जुन्या पुंगळीत त्यातलीच एक गोळी बसवून बघितली. अशी पक्की बसली की आबांना ती पकडीनेही हलवता येईना.

"म्हंजे गोळी चांगली, साचा चांगला," आबा म्हणाले. "मग ऱ्हायलं काय?"

"पुंगळ्या."

"आन माझे हात."

"हातांचं नंतर बघू. या पुंगळ्या कुठून आल्या?"

"कुठून येनार? सरकारांच्या बंगल्यातनं. क्लबाच्याच हायती, तिथं जमा हुत्यात. शिमग्यानंतर पोतं आलं, त्यातल्याच भरल्या." आबा थांबले. "भरताना मला वाटलं हुतं, गोळी जरा हलक्यानं बसतीया. पन वकिलांचा निरोपावर निरोप, स्पर्धा आली, लौकर भरा. मी म्हनलं, साचा सैलावला असंल, स्पर्धेनंतर बघू."

हे त्यांनी मला सांगितलं, लपवलं नाही. पोत्यात अजून पसाभर पुंगळ्या रिकाम्या उरल्या होत्या. आबांनी त्यातली एक घेतली, पकडीत गळा धरून हलकेच दाबला आणि सोडला. चांगलं पितळ दाबलं की थोडं तरी परत उसळतं. हे दाबलं तसंच राहिलं, ओल्या कणकेसारखं.

आबांनी दुसरी दाबली. मग पुंगळी उलटी करून बुडाशी पकड लावली. बूड तर कधीच मऊ नसतं, सगळा मार तेच सोसतं. तेही दबलं.

"जाळलंय," आबा अगदी हळू म्हणाले. "कुनीतरी ह्या निखाऱ्यावर घातल्यात. बुडापतोर. पितळ मेलंय समदं."

"कोण घालील निखाऱ्यावर? आणि कशाला?"

मी पुंगळी दिव्याजवळ धरली. बुडाला टोपी बसायचा खळगा असतो, त्याच्या कडेला काहीतरी पांढुरकं चिकटलं होतं. सुईने खरवडलं, तर चांदीसारखं चकाकलं. कथील. आणि तो चकचकीत ठिपका बघताच माझ्या नाकात नवसागराचा वास शिरला. खराखुरा नव्हे, आठवणीतला. दिवाळीआधी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता फुंकून निखारा लाल करायचा, त्यावर पितळी पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. तो पांढरा धूर ज्याने एकदा हुंगला तो विसरत नाही.

"आबा," मी म्हणाले, "साखरपुडा."

आबांनी वर बघितलं.

माघात सरकारांच्या थोरल्या चिरंजीवांचा साखरपुडा झाला होता. सरकार म्हणजे वाघझरीचे जुने जहागीरदार, जहागिरी कधीच गेली होती पण 'सरकार' म्हणायची आमची खोड गेली नव्हती. तेच क्लबाचे अध्यक्ष. बंगल्याच्या दिवाणखान्यात त्या दिवशी माणसाच्या उंचीची दीपमाळ उभी होती, सगळी पुंगळ्यांची. पुंगळीवर पुंगळी, रांगेवर रांग, आणि सगळी रुप्यासारखी लखलखत होती. व्याही मंडळी तोंडात बोट घालून बघत होती. मीही बघितली होती. मला वाटलं होतं, खरंच चांदीचं पाणी दिलं असेल. तिच्याजवळ उभी राहून मी बासुंदी खाल्ली होती.

"कल्हई केली," मी म्हणाले. "क्लबाच्या पुंगळ्यांना कल्हई करून दीपमाळ केली. कार्य झाल्यावर घासून पुन्हा पोत्यात भरल्या, आणि पोतं तुमच्याकडे पाठवलं."

आबांनी पुंगळी माझ्या हातून घेतली. मला वाटलं, आता त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल. त्यांनी पुंगळी खाली ठेवली, चष्मा काढला.

"हे तिथं बोलायचं न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. सरकारांचं नाव घ्यायचं न्हाई. माझ्या बापानं त्या घरचं मीठ खाल्लंय."

"आणि मास्तरांचा डोळा?"

ते उठले आणि टोपी घालून दाराशी उभे राहिले. मी ती फिरणाऱ्या गोळ्यांची पेटी काखेत मारली आणि त्यांच्या मागून निघाले. मला त्यांचा राग आला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझ्या बापाची किळस आली होती, आणि ती आल्याबद्दल मला माझीच लाज वाटत होती.

बंगल्याच्या व्हरांड्यात कमिटी बसली होती, म्हणजे जेवत होती. सरकार मधे, बाजूला सेक्रेटरी दप्तरदार वकील, आणखी दोघं मान डोलावण्यापुरते. व्हरांड्याच्या समोरच मातीचा बांध आणि त्यावर निशाणं, म्हणजे तिथून बसल्या जागी नेम धरता यायचा. आबांनी पायरीखालीच वाकून मुजरा घातला. सरकारांनी रश्शाने माखलेला हात जरा वर केला.

"या सुभेदार. बसा म्हटलं असतं, पण जेवणं चालली आहेत."

आम्ही उभे राहिलो. सरकारांच्या हातात नळी होती, बोकडाची. ती ते ताटावर ठोकत होते, चोखत होते, पुन्हा ठोकत होते.

"फार वाईट झालं," सरकार म्हणाले. "आम्हाला रात्री घास गेला नाही. डॉक्टर काय म्हणतात, दप्तरदार?"

"डोळा काढावा लागेल, सरकार. बुबुळच राहिलं नाही."

"अरेरे." सरकारांनी नळी पुन्हा तोंडात घातली आणि आतला मगज सुर्रकन ओढला. "आम्ही आंबे पाठवलेत मास्तरांना. पहिल्या तोडीचे."

वकिलांनी बोटं चाटून पुसली. "सुभेदार, कुणी तुम्हाला फासावर देत नाहीये. वय झालं की हात चुकतो. काडतूस तुमच्याकडून नीट भरलं गेलं नाही एवढं मान्य करा, आपण अपघात म्हणून मिटवू. क्लबाचा परवाना राहील, सरकारांना त्रास नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि संन्यासी स्वतःच मान पुढे करून उभा होता.

"व्हय," आबा म्हणाले. "चूक माझीच हाय."

"झालं तर मग," वकील खूश झाले. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"चूक त्यांची नाही," मी म्हणाले.

"माले!"

"पुंगळ्या जळलेल्या आहेत. त्यांना कल्हई केली होती. साखरपुड्याच्या दीपमाळेसाठी."

सगळे थांबले. फक्त सरकारांचा जबडा हलत होता. त्यांनी घास गिळला आणि चक्क हसले. बनावट हसू नव्हतं ते, खरोखरीच त्यांना गंमत वाटली.

"मग? कल्हई केली म्हणून काय बिघडलं? हे ताट कल्हईचंच आहे. आमच्या सात पिढ्या कल्हईच्या भांड्यात जेवल्या, कुणाचा डोळा गेला नाही. पितळेला कल्हई केली की पितळ चांगलं राहतं, हे तुझ्या आईनं तुला शिकवलं नाही?"

वकील हसले, इतर दोघंही हसले. त्यांचं म्हणणं घराघरांतल्या बायकांना पटलं असतं. ताटाला रस्सा पेलायचा असतो, पुंगळीला स्फोट. हे या माणसाला आता समजावून कोण सांगणार?

"उलट स्वच्छ झाल्या पुंगळ्या," सरकार म्हणाले. "त्या काडतुसांत काही दोष नाही. दोष असलाच तर भरणाऱ्याच्या हातात."

"दोष नाही ना?" मी पेटी ताटाशेजारी ठेवली. "मग सरकारांनी यातलं एक उडवून दाखवावं. रायफल समोरच आहे, निशाणही समोर आहे."

व्हरांड्यात कुणी हललं नाही. खांबाला टेकून ठेवलेली रायफल जशी होती तशी होती. सरकारांनी नळी ताटात ठेवली. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि ओठांना तूप लागलं होतं.

"सरकारांनी कशापायी?" आबा म्हणाले. "मी उडवतो."

ते पायऱ्या चढून वर आले. पेटीतून एक काडतूस उचललं आणि रायफल हातात घेतली. त्यांना ठाऊक होतं. सकाळी पकड त्यांनीच लावली होती, पितळ मेलंय हे त्यांनीच सांगितलं होतं. तरी ते चालले होते डोळा द्यायला, सरकारांचा शब्द खरा करायला.

मी सरकारांकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. "राहू द्या, सुभेदार," इतकं म्हणाले असते तरी पुष्कळ होतं, बाकी सगळं मी गिळलं असतं. सरकार काही बोलले नाहीत. त्यांनी ताट उचललं, दोन्ही हातांनी, रस्सा सांडणार नाही अशा बेताने, आणि उठून खांबाच्या आड जाऊन उभे राहिले. मागोमाग वकीलही उठले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कदाचित रविवारपासूनच ठाऊक होतं. कल्हईचं ताट दोन्ही हातांत धरून तो माणूस खांबाआडून माझ्या बापाचा डोळा जाताना बघायला उभा होता, आणि त्याला काळजी होती रश्शाची. एवढी किळस मला आयुष्यात त्याआधी कधी आली नव्हती, त्यानंतरही आली नाही.

मी आबांच्या हातातून काडतूस हिसकावून घेतलं. गोळी दोन बोटांत धरून ओढली. ती निघाली, काही जोर न लावता, लिंबातून बी निघावी तशी. गोळी मी खाली टाकली. मग खांबाआड गेले आणि पुंगळीतली दारू सरकारांच्या ताटात पालथी केली. तांबड्या रश्शावर काळे कण पसरले.

"खा," मी म्हणाले. "कल्हईचंच ताट आहे, काही होत नाही."

"सुभेदार!" वकील ओरडले. "पोरीला आवरा!"

पण आबा माझ्याकडे बघत नव्हते. वकिलांकडेही नाही. ते बघत होते सरकारांच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग खांबाकडे, मग ताट धरलेल्या त्या दोन हातांकडे. बंदुकीच्या नळीतून सरळ बघावं तसं एकदा बघून घेतलं त्यांनी. मग रायफल खांबाला होती तिथे टेकवून ठेवली.

आणि ते वाकले. अगदी खालपर्यंत वाकले, उजवा हात जमिनीला लागला. माझ्या अंगाची लाही झाली. एवढं होऊनही मुजरा? सरकारांना हायसं वाटलेलं दिसलं. ताट एका हातात घेऊन त्यांनी दुसरा हात वर केला, मुजरा घेतल्याचा.

आबा सरळ उभे राहिले. हात कपाळाकडे गेला नाही. त्यांच्या मुठीत मी टाकलेली गोळी होती. ती त्यांनी खिशात घातली, पेटी उचलली आणि पायऱ्या उतरून चालू लागले. सरकारांचा हात तसाच वर राहिला.

पुढे कित्येक वर्षं सरकार लोकांना सांगत असत, खराडे सुभेदार जाताना मुजरा करून गेले, जुनी माणसं ती. सांगोत बापडे. कल्हई उडाली ती मी बघितली आहे.

आबा घराकडे वळले नाहीत. सरळ दवाखान्यात गेले. मास्तर खाटेवर टेकून बसले होते, अर्ध्या तोंडाला पट्टी. उशाशी आंब्यांची करंडी होती, पेंढ्यात घातलेली, वर वाघझरीच्या जहागिरीच्या शिक्क्याचं कापड. सगळी खोली आंब्यांनी घमघमत होती.

आबा खाटेशेजारी उभे राहिले, हात शिवणीला लावून, फौजेत उभे राहतात तसे.

"मास्तर, गोळी सैल बसतीया ते मला भरतानाच जानवलं हुतं. मी थांबाया पाहिजे हुतं. थांबलो न्हाई. तेवढी चूक माझी."

मास्तरांनी तोंड आबांकडे वळवलं.

"पुंगळ्या जाळल्या सरकारांनी. दीपमाळेसाठी. आन ते त्यांना ठावं हाय. तेवढी त्यांची. मी हे कुठं बी सांगाया तयार हाय, कोर्टात बी."

मास्तरांनी उघडा डोळा मिटला. आबा तसेच उभे होते. शेवटी मास्तरांनी हात पुढे केला आणि चाचपत आबांची बोटं धरली. चित्रं काढणारी बोटं त्या जाड, काळ्या पडलेल्या बोटांवरून फिरली.

"थरथरत तर नाहीत," मास्तर म्हणाले.

आबांना हुंदका आला. त्यांना रडताना मी तेव्हाच एकदा बघितलं.

"एक काम करा, सुभेदार," मास्तर म्हणाले. "ही करंडी बाहेर नेऊन ठेवा. एक डोळा बांधल्यापासून वास फार येतो."

आबांनी करंडी उचलली. दवाखान्याच्या मागे उकिरडा होता, तिथवर ती छातीशी धरून नेली आणि ओतली. पहिल्या तोडीचे, पिवळेधमक आंबे होते. कापड तेवढं त्यांनी झटकून, घडी घालून ठेवलं. परतताना मी विचारलं, ते कशाला?

"पुंगळ्या पुसाया," आबा म्हणाले.